वीस पुड्यांचा हंगाम

२० जुलै, शनिवार

तोफेच्या दारूचा अर्ज आज भरून टाकला. एक काम हातावेगळं झालं.

हॅम्ब्रिक कॉलेजच्या तोफेचा मी चौदा वर्षं राखणदार आहे. त्याआधी एकतीस वर्षं बाबा होते. घरच्या मैदानावर अमेरिकी फुटबॉलचा सामना सुरू होताना एक बार, आपल्या खेचरांच्या प्रत्येक टचडाउनला, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडली की एक, आणि जिंकलो तर शेवटी एक. पंचेचाळीस वर्षांत एकही टचडाउन मुका गेलेला नाही. बाबांनी एकदा गालगुंड झालेलं असताना, तोंडाला मफलर बांधून बार उडवला होता. तोफेचं नाव मिस हेस्टर, मुलींच्या वसतिगृहाच्या पहिल्या रेक्टरबाईंवरून. त्यांचा आवाज ऐकलेली माणसं म्हणतात, तोफ जरा सौम्यच आहे. संघाचं नाव खेचरं का, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. संस्थापकांना घोडे परवडले नसावेत.

गेल्या वर्षी मी दारूच्या पन्नास पुड्या मागवल्या, एका बाराला एक. खेचरांनी अकरापैकी दोन सामने जिंकले. एकतीस पुड्या उरल्या, सादळल्या, आणि कॉलेजच्या सुरक्षा खात्यातल्या मिस क्विलेन त्या पाण्याच्या बादलीत बुडवून नेताना मला म्हणाल्या, "मिस्टर प्रुइट, तुम्ही कुठल्या देशावर चालून निघाला होता?"

यंदा ती नामुष्की नको. मी विम्याचा माणूस आहे. कोणाचं छप्पर कधी उडेल याचा अंदाज बांधून माझी चूल पेटते. निम्मा संघ कॉलेज सोडून गेलाय. नवा कोच परवा-परवापर्यंत शाळेत भूगोल शिकवत होता. आमच्या गटात आठ कॉलेजं, आणि बाकीच्या कोचांनी मतदान करून आम्हाला आठवं ठरवलंय. नववं असतं तर नववं ठरवलं असतं.

म्हणून: घरचे सामने पाच, सुरुवातीचे बार पाच. टचडाउन चौदा. विजयाचा बार एक. एकूण वीस पुड्या. अर्जावर 'हंगामातील अपेक्षित विजय' असा रकाना आहे. त्यात १ लिहिलं. तोही मन मोठं करून.

अर्जाची प्रत टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या विमापत्रांच्या तळाशी ठेवली. ती कोणी बघायची गरज नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

चर्चमध्ये पुरुषमंडळींची न्याहारी. मी कॉफी मागितली नाही, कारण डॉक्टरांनी रक्तदाबापायी कॉफी आणि ओरडणं या दोन्ही गोष्टी बंद केल्यात. ही दैनंदिनी त्यांनीच सुचवली. म्हणे, मनातलं कागदावर ओरडा.

ऑगस्टातल्या न्याहारीला प्रत्येकाने उभं राहून यंदा किती सामने जिंकू तो आकडा सांगायचा असतो. सॉसेजची ताटं फिरत असतात आणि माणसं एकेक उठून खोटं बोलतात, तेही देवाच्या घरात. हॉइट गँट उठला आणि म्हणाला, अकरा. तो दर वर्षी अकराच म्हणतो. हॉइट तोफेवर माझा जोडीदार: तो पुडी आत सारून ठासतो, मी दोरी ओढतो. औषधवाल्या एल्रॉयने आठ सांगितले. पाद्री टॉलिव्हर म्हणाले, देवाच्या कृपेने सहा. सहा म्हणजे हरल्यापेक्षा जिंकलेले एकाने जास्त. तसा हंगाम आम्ही सतरा वर्षांत पाहिलेला नाही, तेव्हा देवाकडे मागताना पाद्रीबुवांनी भीड ठेवली असं म्हणायला हवं.

माझी पाळी आली. मी सात म्हणालो. सात हा विचारी माणसाचा आकडा आहे. त्यात श्रद्धाही दिसते आणि अक्कलही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

२४ ऑगस्ट, शनिवार

सराव सामना बघून आलो. आपला चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू उंचीने माझ्या बायकोएवढा, मार्व्हाएवढा आहे. जॉर्जियातल्या पीचच्या बागेतून आलाय, नाव टेरिल. त्याने एक फेक सरळ लिंबू-सरबताच्या गाडीत घातली. गाडीवाल्याने चेंडू परत दिला आणि वर सांत्वनाला एक पेला सरबत दिलं.

वीसही जास्तच झाल्या की काय.

७ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो. २४–१३.

नीट लिहितो, कारण हाताला अजून दारूचा वास आहे आणि खरं वाटत नाही. टेरिल बुटका आहे, पण पळताना सापडत नाही. समोरचे सहा फुटी दांडगे त्याला वाकून शोधत राहतात. तीन टचडाउन केले. सुरुवातीचा एक, टचडाउनचे तीन, विजयाचा एक: पाच बार. मिस हेस्टर शेवटच्या बाराला अशी गरजली की शेजारच्या गोठ्यातल्या गायी एका ओळीत उभ्या राहिल्या. हॉइट मला मिठी मारून रडला आणि माझ्या कोटावर उकडलेल्या शेंगांचं पाणी सांडलं.

पंधरा उरल्या. अपेक्षित विजय मात्र आजच संपला.

१४ सप्टेंबर, शनिवार

बाहेरगावी हरलो, ३८–१०. मन शांत झालं. रक्तदाब बघण्यासारखा होता.

२१ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा जिंकलो. चार टचडाउन. सहा बार. नऊ उरल्या.

सगळं मैदान नाचत होतं आणि मी पेटीत बोट घालून पुड्या मोजत होतो. आपल्या संघाने टचडाउन केला म्हणून कपाळावर हात मारणारा या राज्यातला मी पहिला माणूस असेन.

२३ सप्टेंबर, सोमवार

मिस क्विलेन यांच्याकडे गेलो. आणखी तीस पुड्या हव्यात, म्हणालो. त्यांनी फाइल काढली, माझा अर्ज काढला, रकान्यावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही.

"तुम्हीच तर एक म्हणाला होतात."

मी म्हणालो, परिस्थिती बदलली आहे. त्या म्हणाल्या, हो, सामने मीही ऐकते. पण दारू म्हणजे काही पीठ नव्हे. दोन सह्या लागतात, मग राज्याचा परवाना, मग पुरवठादार. आठ आठवडे. मी बोटांवर मोजलं. घरचा शेवटचा सामना सोळा नोव्हेंबरला, टिसडेल कॉलेजशी. दारू येणार त्यानंतर.

मी त्यांना हात जोडून एवढंच सांगितलं, की हे आपल्या दोघांतच राहू द्या. गावाला कळलं की तोफेच्या राखणदारालाच भरवसा नव्हता, तर दोरी माझ्या हातात राहायची नाही, आणि राहूही नये. बाबांनी अशी दोन वर्षं बघितली की एकही विजय नव्हता, तरी त्यांची पेटी कधी रिकामी नव्हती.

मिस क्विलेननी मान डोलावली. बाई विश्वासाच्या दिसतात. गेली वीस वर्षं केस मार्व्हाच्याच दुकानात कापून घेतात.

२८ सप्टेंबर, शनिवार

बाहेरगावी जिंकलो! तोफ घरी, झाकणाखाली. निर्धास्तपणे आनंद झाला. एकूण तीन विजय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मधला एक सामना हरलो, त्याबद्दल देवाचे आभार मानणार होतो, पण पाद्रीबुवा समोर होते.

दुपारी गॅरेजमध्ये बसून नऊ पुड्या उघडल्या आणि आईच्या मोजायच्या चमच्याने अर्ध्या-अर्ध्या करून अठरा बांधल्या. आवाज थोडा कमी येईल. मार्व्हा दारात आली. हाताला केस रंगवायचे हातमोजे, म्हणजे दुकानातून तशीच उठून आलेली. मला वाटलं आता विचारणार. पण वारा येत होता म्हणून तिने गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि गेली. एकतीस वर्षांच्या संसारात तिला तोफेत कधीच रस वाटला नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. पंधरा-वीस वर्षांत न आलेली माणसं आली, पोटं पुढे घेऊन. पाच टचडाउन, ३५–२१. सात अर्ध्या पुड्या गेल्या, अकरा उरल्या.

पहिल्याच बाराला लोक वळून बघायला लागले. एल्रॉय कठड्यावरून म्हणाला, मिस हेस्टरला सर्दी झालीय का, दुकानातून काही पाठवू का? सगळे हसले. मीही हसलो. हॉइट हसला नाही. दुसरी पुडी हातात घेऊन त्याने ती दोनदा खालीवर केली.

"हलकी लागते रे, वेंडेल."

"नव्या प्रकारची दारू आहे."

"हं," एवढंच म्हणाला आणि ठासायला लागला.

२० ऑक्टोबर, रविवार

काल हरलो. आज पाद्री टॉलिव्हर यांचं प्रवचन अल्पविश्वासी माणसावर. बोलताना त्यांनी माझ्याकडे तीनदा बघितलं. मी आज बांधलेला टाय जरा भडक होता खरा.

त्यांच्या बायकोचे केस छान तपकिरी दिसत होते. मार्व्हाने परवाच रंगवले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

२८–२४. पाच विजय. पाच अर्ध्या पुड्या.

गाव खुळं झालंय. बँकेच्या पाटीवर तापमानाच्या जागी पाच लिहिलंय. दोन जुळ्यांचं नाव टेरिल ठेवलं म्हणे. त्यातली एक मुलगी आहे.

तोफ पुसताना मी हॉइटला सहज म्हणालो, टिसडेलच्या सामन्याला आपण सकाळी लवकर येऊ. तर तो बराच वेळ एकच जागा पुसत राहिला. मग म्हणाला, त्या शनिवारी त्याने हरणांच्या शिकारीची झोपडी धरून ठेवली होती, मेहुण्यासोबत. कधी धरली होतीस, विचारलं. म्हणाला, जुलैत.

 न्याहारीला उठून अकरा म्हणणारा हा माणूस.

"मी तोंडाने अकरा म्हणतो रे," तो फडक्याकडे बघत म्हणाला. "कोणीतरी म्हणायला हवं ना. पण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आपल्यापाशी कधी काही उरलेलं मी बघितलं नाही. झोपडी मी नऊ वर्षं धरतोय. यंदा पहिल्यांदा सोडली."

तिथेच मी त्याला सगळं सांगायला हवं होतं. त्याने स्वतःचं कपाट उघडून दाखवलं होतं. माझा खण बंदच राहिला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि, लिहायला लाज वाटते, जरा उपदेशही केला.

९ नोव्हेंबर, शनिवार

सलग दुसरा पराभव, दोन्ही परगावी. पाच जिंकले, पाच हरले. सगळं येत्या शनिवारवर आलं. जिंकलो तर सतरा वर्षांत पहिल्यांदा हरण्यापेक्षा जिंकणं जास्त. हरलो तर नेहमीसारखंच, फक्त जास्त दुखेल.

१३ नोव्हेंबर, बुधवार

चर्चवरून चालत येताना आतून गायनमंडळाची तालीम ऐकू आली. एकच शब्द, सगळे मिळून, पोटातून ओरडत होते. मग शांतता. मग पुन्हा तेच. भजनं हल्ली फार आधुनिक झालीत.

कोपऱ्यावर कॉलेजच्या बँडचा लॉसन मास्तर भेटला. पंचविशीतला पोरगा, अदबीचा. विचारतो, "मिस्टर वेंडेल, टचडाउन झाल्यापासून तोफ वाजेपर्यंत किती सेकंद जातात हो?"

चार, मी म्हणालो. हॉइटचा गुडघा दुखत असेल तर पाच. आणि मी दोरी ओढायच्या आधी हात उंच करतो, हेही सांगितलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. कशाला ते विचारायचं राहिलं. तरुण मुलांना जुन्या प्रथांविषयी कुतूहल वाटतं, हे बघून बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच पुड्या. एक सुरुवातीची, एक विजयाची. म्हणजे टचडाउन तीन, नंतरची किक धरून प्रत्येकी सात गुणांचे. खेचरांनी उद्या २१–२० असं जिंकावं, अशी प्रार्थना केली. चाहत्याने आपल्याच संघाला रेशनवर ठेवावं, तशी.

ठरवलंय: एक जरी टचडाउन मुका गेला, तर सामन्यानंतर कठड्यापाशी उभा राहून सगळं सांगेन आणि दोरी हॉइटच्या हातात देईन. त्याने निदान तोंडाने तरी कधी विश्वास सोडला नाही.

मार्व्हाने 'पिकान पाय' भाजलाय, अक्रोडासारख्या पिकानचं गोड पक्वान्न. उद्या तीही मैदानावर येणार म्हणते, दुकानातल्या सगळ्या बायकांना घेऊन. सामना बघायला ती शेवटची आली तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

एक ओळही वगळणार नाही.

चार हजार माणसं, एवढं मैदान भरलेलं मी बाबांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. सुरुवातीचा बार उडवला. चार उरल्या. टेरिलने पहिल्या पावतासात टचडाउन केला: तीन. टिसडेलने दोन केले. आम्ही एक: दोन. त्यांनी पुन्हा एक. मध्यंतरानंतर टेरिल दोन दांडग्यांच्या पायांमधून, अक्षरशः मधून, निघाला: एक. मी मनात म्हणालो, बास, आता मैदानी किक मारा, तिचे गुण तीनच, पण त्याला बार लागत नाही. पण त्याच गड्याने चौथा केला आणि मी शेवटची पुडी हॉइटच्या हातात दिली. त्याने ती ठासली. मी दोरी ओढली. मिस हेस्टर खोकली. पेटीत फक्त कागद उरला.

२८–३१. आम्ही तीनने मागे. दीड मिनिट बाकी, चेंडू आमच्याकडे, मैदान सगळं पुढ्यात.

इथे किक मारून बरोबरी साधता येते, हे मला ठाऊक होतं. बरोबरीला बार लागत नाही. माझी अब्रू त्या किकवर होती. आणि टेरिल पळत सुटला, तीस यार्ड, चाळीस, बाजूच्या रेषेवरून आमच्यासमोरून, एवढासा जीव, मागे टिसडेलचे चौघे. आणि मी डॉक्टर, रक्तदाब, पेटी, बाबा सगळं विसरून ओरडत होतो: जा, पोरा, जा. किक नको, जा. मला तो टचडाउन हवा होता. आयुष्यात इतकं काही हवं झालेलं मला आठवत नाही. तो माझी लाज गावासमोर उघडी पाडणार होता आणि तरी मला हवा होता.

पंधरा यार्डांवर त्यांनी त्याला पाडलं. मग दोन फुकट डाव. मग बावीस सेकंद असताना त्याने चेंडू हातातच ठेवला, डावीकडे पळाला, उजवीकडे वळला आणि कोपऱ्यात झेपावला.

टचडाउन.

मी दोरी हातात घेऊन उभा. हॉइट तोफेच्या तोंडाशी, हातात ठासायची काठी.

"हॉइट," मी म्हणालो, "पुड्या संपल्या."

"माहितीये. हात वर कर नि दोरी ओढ."

का कोण जाणे, मी ऐकलं. बाबांची आणि माझी मिळून पंचेचाळीस वर्षांची सवय हातात असते. हात उंच केला. दोरी ओढली. लोखंडावर लोखंड टिचकलं, एवढंच.

आणि चार हजार माणसं एका दमात म्हणाली: धडाम.

तो आवाज मला लिहिता येत नाही. बँडचे सगळे मोठे ढोल त्यात होते. पाद्रीबुवांचं गायनमंडळ एका जागी बसलं होतं, त्यांचा खर्ज त्यात होता. मिस क्विलेन शिस्तीत, कानांत बोळे घालून ओरडत होत्या. तोफेची दारू कोठाराच्या पत्र्यांना हलवते. या आवाजाने माझ्या पायाखालची फळी हलली. गायी पुन्हा ओळीत उभ्या राहिल्या.

किकही बसली. ३५–३१. उरलेल्या सेकंदांत टिसडेलला काही जमलं नाही. शिट्टी झाली, विजयाचा बार राहिला होता. मी हात वर केला आणि ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी मीही म्हणालो, आणि हॉइट, आणि मैदानाच्या मधोमध खांद्यांवर बसलेला टेरिलसुद्धा.

सहा जिंकले, पाच हरले.

लोकांनी हे आपसूक केलं. कोणी सांगितलं नाही, कोणी शिकवलं नाही. ऐनवेळी चार हजार माणसांच्या मनात एकच गोष्ट आली. यालाच श्रद्धा म्हणत असावेत, आणि मी तिला एक आकडा दिला होता. हॉइटला कळलं होतं हे स्वाभाविक आहे, पुड्या तोच ठासत होता. मी कठड्यापाशी जाऊन कबुली द्यायला तोंड उघडलं, तर एल्रॉय म्हणाला, मिस हेस्टरची सर्दी एकदम बरी झाली बघ, आणि माझ्या तोंडात मार्व्हाच्या 'पिकान पाय'चा तुकडा कोंबला.

एकाच गोष्टीची हळहळ. तो टचडाउन मार्व्हाने बघितलाच नाही. ती पहिल्या रांगेत बर्फाच्या पेटीवर चढून उभी होती, मैदानाकडे पाठ, लोकांकडे तोंड, आणि दोन्ही हात हवेत. नजर माझ्या हातावर. खेळातलं तिला कधी काही कळलं नाही. पण घरी येताना तिचा घसा पार बसला होता, आणि गाडीत ती माझा हात धरून बसली. दारूच्या वासाचा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दारू आली. तीस पुड्या, कोरड्या ठणठणीत.

मिस क्विलेननी सोबत पुढच्या वर्षीचा अर्ज पाठवलाय, वर चिठ्ठी: यंदा लवकर भरा. टेरिलची अजून दोन वर्षं आहेत, पण निम्मा बचाव जातोय, आणि टिसडेलवाले आता खवळून येतील. विम्याचा माणूस म्हणून बघितलं तर चार.

जुनी प्रत बघायला खण उघडला. विमापत्रांच्या तळाशी ठेवलेला कागद सगळ्यात वर होता. त्या १च्या शेजारी तपकिरी बोटाचा ठसा. कॉफीचा डाग असावा. मी जुलैपासून कॉफी प्यायलेलो नाही, पण डाग जुने निघतात.

नव्या अर्जावर मी ७ लिहिलं. जो आकडा तोंडाने सांगतो तोच. 

मार्व्हा दुकानात जायला निघाली होती. माझ्या खांद्यावरून वाकून तिने कागद बघितला.

"आठ लिही," ती म्हणाली. आवाज अजून फाटकाच होता.

"आठ कशाला?"

"तुझ्या एकेका आकड्यापायी साऱ्या गावाला तालमी कराव्या लागतात, वेंडेल. माझा घसा आता तेवढा राहिला नाही."

तिला काय म्हणायचंय ते मला नीटसं कळलं नाही. आठ लिहिलं.